अंगणातील गवत आणि मजुरीचा न्याय

मृगाचा पाऊस पडून आठपंधरा दिवस लोटले म्हणजे तापी-पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन आपले खरे स्वरूप दाखवू लागते. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. आणि आषाढ लागतो न लागतो तोच ती हरळी, लव्हाळा, केना, तरोटा आणि गाजरगवत यांनी अशी भरून निघते की, ओट्यापासून फाटकापर्यंत जावयास वाट शोधावी लागते. मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, हे तालुक्याचे गाव. येथे कचेऱ्या आहेत, शाळा आहेत, पेढ्या आहेत; आणि त्यांतून नोकरी करणाऱ्या मंडळींनी गावाच्या कडेला प्लॉट घेऊन घरे बांधली आहेत. शेत नाही, पण घराभोवती चार हात मोकळी जागा आहे. गोठा नाही, पण कुंपण आहे, अशी ही घरे. शेतकऱ्याच्या घरी गवत हा चारा असतो. ह्या घरी तो कचरा ठरतो. मग घरधनी सकाळी चौकात जातो, कामाच्या आशेने उभ्या असलेल्या माणसांपैकी एकाला हाक मारतो, दर ठरतो, आणि सायंकाळी अंगण स्वच्छ होते. पैसे दिले, काम संपले. परंतु पैसे दिल्याने काम संपले असले तरी देणेही संपले काय, ह्याचा थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. गिरण्या, कारखाने, संप आणि संघ ह्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. अंगणातील गवतावर लेख कशाला? आमचे उत्तर असे की, मध्यम स्थितीतील सुशिक्षित मनुष्य आयुष्यभर दुसऱ्याचा नोकर असतो, आणि मालक होण्याचा प्रसंग त्याच्यावर येतो तो असाच, वर्षातून चारसहा दिवसांपुरता. कारखानदाराने मजुराशी कसे वागावे ह्याविषयी त्याची मते पक्की असतात. ती मते स्वतःच्या फाटकाशी आल्यावर टिकतात किंवा नाही, हे पाहावयाचे तर ह्याहून सोयीची जागा नाही.

ह्या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे. अंगण आपले, गवत आपले, तर विळाही आपणच हाती घ्यावा. मालक आणि मजूर असा भेदच उरू देऊ नये, म्हणजे न्याय-अन्यायाचा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत गांधीजींनी रस्किनचे ‘अन्टु धिस लास्ट’ हे पुस्तक वाचले, आणि वकिलाच्या कामाची व न्हाव्याच्या कामाची किंमत एकच, व श्रमाचे जीवन हेच खरे जीवन, हा बोध त्यांनी त्यातून घेतला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढे १९०८ साली त्याच पुस्तकाचा सारांश त्यांनी गुजरातीत ‘सर्वोदय’ ह्या नावाने दिला. ह्या उपदेशाविषयी आम्हांस आदर आहे, आणि रविवारी सकाळी खुरपे घेऊन दोन तास अंगणात बसणाऱ्या शिक्षकाविषयी तर त्याहून अधिक. ज्याने लव्हाळ्याची एक गाठ स्वतः मुळापासून उपटून पाहिली आहे, तो दर ठरविताना सहसा जीभ सैल सोडीत नाही.

तथापि ह्या उत्तराने प्रश्न सुटत नाही. तो केवळ आपल्या कुंपणाबाहेर ढकलला जातो. सकाळी चौकात उभ्या असलेल्या माणसास आपल्या श्रमनिष्ठेचा काय उपयोग? आपले अंगण आपण झाडले तर आपले चित्त शुद्ध होईल, हे कबूल. परंतु त्याची चूल त्याने पेटत नाही. नीतीचा विचार आपल्याच आत्म्याच्या स्वच्छतेपुरता केला म्हणजे असा घोटाळा होतो. शिवाय ज्यांची मुले पुण्यास किंवा त्याहूनही दूर आहेत अशी वृद्ध जोडपी, एकट्या राहणाऱ्या विधवा, गुडघ्यांनी दगा दिलेले पेन्शनर, ह्यांना विळा हाती घ्या असे सांगणे हा उपदेश नसून थट्टा होईल. तेव्हा माणूस लावावा की न लावावा हा खरा प्रश्न नव्हे. माणूस लावल्यावर त्याचे व आपले नाते कोणते, हा खरा प्रश्न आहे.

पूर्वी हे नाते निराळ्या प्रकारचे होते, आणि त्याची आठवण काढून उसासे टाकणारी मंडळी अजूनही भेटतात. खानदेशात सालदाराची चाल जुनी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जुने साल संपावयाचे, हिशेब व्हावयाचा आणि नव्या सालाचा ठराव व्हावयाचा: इतकी ज्वारी, इतकी रोख रक्कम, एखादी घोंगडी, पायतण. सालदार शेताचा असे, पण घराचाही असे. अंगणातले गवत काढणे, कुडाला काट्या लावणे, गोठा झाडणे, पाहुण्यांची गाडी सोडणे, ह्यांतील कोणते काम त्याचे आणि कोणते नव्हे हे कोणी लिहून ठेवीत नसे. घरातील मुले त्याला काका म्हणत, आजारपणात त्याच्या घरी औषध जाई, त्याच्या मुलीच्या लग्नाला मालक उभा राही. हे सर्व खरे आहे. पण ह्याच चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. लग्नासाठी घेतलेली उचल पुढच्या सालात वळती व्हावयाची, त्या सालात फिटली नाही तर त्याच्या पुढच्या; आणि असे करता करता वर्षाचा ठराव हा केवळ नावाचा उरावयाचा. कर्जाने बांधलेल्या माणसाला मोकळे करण्यासाठी १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा करावा लागला. जेथे काका म्हणून हाक मारतात तेथे अन्याय होतच नाही, असे मानण्यास इतिहासात आधार सापडत नाही.

सालदाराच्याही पलीकडे गेले तर बलुत्याची पद्धत लागते. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ ह्या ग्रंथात तिचे जे वर्णन केले आहे ते वाचले म्हणजे गावातील प्रत्येक कामाला एक जात व प्रत्येक जातीला एक हक्क कसा बांधून दिलेला होता, हे ध्यानात येते. त्या व्यवस्थेत झाडलोट, सांगावा, ओझे ही कामे महारांच्या वाट्याला आली. ती केव्हा करावयाची आणि किती करावयाची ह्याला सीमा नव्हती, आणि मोबदला म्हणजे गावाच्या मर्जीचे बलुते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी जे बिल आणले, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता: काम ठरलेले असावे, मोबदला ठरलेला असावा, आणि नको असेल त्याला त्यातून सुटता यावे. हे वतन कायद्याने जावयास १९५८ साल उजाडावे लागले.

हे ध्यानात घेतले म्हणजे रोख मजुरीकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलली पाहिजे. हेन्री मेन ह्या कायदेपंडिताने १८६१ साली असे प्रतिपादन केले की, समाजाची प्रगती ही जन्मसिद्ध दर्जाकडून कराराकडे होत आली आहे. ह्या सिद्धान्ताला पुष्कळ अपवाद दाखविता येतील. पण चौकात उभा राहणारा रोजंदारीचा मनुष्य त्याचे जिवंत उदाहरण आहे. तो आपल्या अंगणात येतो तो अमक्या जातीचा म्हणून नव्हे, अमक्याचा मुलगा म्हणून नव्हे, तर दर पटला म्हणून; आणि न पटल्यास, “दुसरा पहा, भाऊ,” असे म्हणण्याची त्याला सोय आहे. ‘हल्ली माणसे मिळत नाहीत’ अशी तक्रार प्रत्येक ओट्यावर ऐकू येते. तिचा सरळ अर्थ करावयाचा तर तो इतकाच की, माणसांना दुसरीकडे काम मिळते. ही गोष्ट दुःखाची कोणाच्या दृष्टीने, हे तक्रार करणाराने स्वतःशी ठरवावे.

येथवर आम्ही पैशाची बाजू घेतली. परंतु करार हा दोघांच्या राजीखुशीचा असतो असे जे म्हणतात, त्यात अर्धेच सत्य आहे. अ‍ॅडम स्मिथ हा काही मजुरांचा पुढारी नव्हता. तरी त्यानेही १७७६ साली लिहून ठेविले आहे की, मजुरीच्या वादात मालक वर्षभर कळ काढू शकतो, आणि मजुरांपैकी पुष्कळांना कामावाचून एक आठवडाही निभावता येत नाही. आपल्या अंगणातील गवत आठ दिवस राहिले तर डास वाढतील, शेजारी नाक मुरडतील, ह्यापलीकडे काही होत नाही. समोरच्या माणसाला मात्र संध्याकाळी किराणा दुकानात जावयाचे असते. महाराष्ट्रात वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, तेव्हा बागाईतदारांपैकी कित्येकांना तो रुचला नाही. कारण मजुराच्या मागे दुसरे काम उभे राहिले म्हणजे त्याची ‘नाही’ म्हणण्याची शक्ती वाढते, आणि त्या शक्तीला किंमत मोजावी लागते. बाजारात ठरलेला दर हा कामाच्या योग्यतेचा नसून पुष्कळदा त्याच्या गरजेचा असतो, हे ह्यावरून उघड होते. दुकानात छापील किंमत निमूटपणे देणारी आपण मंडळी चौकात येताच घासाघीस करू लागतो, ती आपण कंजूष आहोत म्हणून नव्हे. येथे घासाघीस केली असता ती चालते, एवढेच तिचे कारण आहे.

ह्या बाबतीत कौटिल्याचे एक वचन फार मार्मिक आहे. कामगार आणि धनी ह्यांच्यामधील ठराव शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असावा, असे तो अर्थशास्त्रात सांगतो. आणि वेतन ठरविलेले नसेल तर काम व काळ पाहून द्यावे, शेतीच्या कामात पिकाचा दशांश द्यावा, अशी सोय लावून देतो. शेजाऱ्यांना ठाऊक असावा, ह्या चार शब्दांत गावातलाच माणूस लावण्यामागचे सगळे शहाणपण आले. ज्याच्याशी आपली गाठ उद्या बाजारात, परवा कोथळीच्या मंदिरात आणि त्यानंतर मुलाच्या शाळेच्या फाटकाशी पडावयाची आहे, त्याला पाच-पन्नास रुपयांनी बुडविणे मनुष्यास जड जाते. तेथे पंच, साक्षी व कोर्ट ही सर्व गावाच्या नजरेतच असतात.

पण मग जो गावचा नाही त्याचे काय? केळीच्या व कपाशीच्या कामासाठी सातपुड्यातून पावरा, भिल्ल अशी कुटुंबे ह्या भागात येतात, आणि हाताला काम नसेल त्या दिवशी घरांभोवतीचे गवतही काढतात. त्यांना येथील दर नीट ठाऊक नसतो, त्यांची बोली आपल्याला नीट कळत नाही, आणि संध्याकाळी कमी पैसे हातावर पडले तर साक्षीला कोणी नसतो. ‘परका माणूस स्वस्त पडतो’ असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ असा की, त्याच्या बाजूला शेजारी नाही. गावातील माणसाला आधी काम द्यावे, हा नियम चांगला आहे. पण परक्याला लावलेच, तर त्याला गावचाच दर द्यावयाचा, हा नियम त्याहून आधीचा. जेथे लोकलज्जेचा पहारा नसतो तेथेच आपल्या न्यायबुद्धीला खरे काम असते.

बायांच्या मजुरीचीही गोष्ट अशीच आहे. निंदणीच्या कामात, म्हणजे खुरप्याने मुळासकट तण काढण्यात, बाईचा हात पुरुषापेक्षा सफाईने चालतो हे कोणताही शेतकरी सांगेल. आणि तोच शेतकरी तिला पुरुषापेक्षा कमी रोज देईल. समान कामास समान वेतन असा कायदा देशात १९७६ साली झाला. पण एका फाटकाच्या आत एका दिवसापुरता तो पाळला गेला की नाही, हे पाहावयास सरकारचा अंमलदार येत नाही. अंगणात दोघांना बरोबर लावून संध्याकाळी एकाच्या हातावर अधिक आणि दुसरीच्या हातावर उणे ठेवताना ‘अशीच चाल आहे’ ह्यावाचून आपल्याजवळ कोणतेही कारण नसते.

उक्ते काम देण्यात ह्या सर्वांतून सुटका आहे, असे कित्येकांस वाटते. इतके अंगण, इतके पैसे. किती वेळ लागला, कोणी केले, ह्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पण उक्ते दिले म्हणजे लवकर उरकण्यासाठी बायको येते, आणि दहा वर्षांचा मुलगा टोपली उचलतो. आपण त्याला बोलाविलेले नसते. म्हणून तो आपल्याला दिसतही नाही.

आता ज्या गोष्टीचा विचार आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तिच्याकडे वळतो. मजुरीने आपण काय विकत घेतो? श्रम घेतो आणि वेळ घेतो. ह्या दोन्हींची मोजदाद होते. परंतु त्यांच्याबरोबर एक तिसरी वस्तू आपण न बोलता त्याच्याकडे देऊन टाकतो. ती म्हणजे धोका. वाढलेल्या गवतात आपण स्वतः हात घालीत नाही तो केवळ कंबर दुखते म्हणून नव्हे. त्या गवतात घोणस असू शकते, नाग असू शकतो, विटांच्या ढिगाखाली मण्यार असू शकते, हे आपल्याला ठाऊक असते. काळ्या जमिनीच्या भेगा पावसाने भरू लागल्या म्हणजे आतले जीव वर येतात, हे ह्या भागातील लहान मुलालाही कळते. तरी पायात साधी चप्पल आणि हातात विळा घेऊन तो मनुष्य आत शिरतो, आणि आपण ओट्यावर वर्तमानपत्र उघडून बसतो. त्या दिवसाच्या दरात सर्पदंशाची किंमत कोणत्या आकड्याने धरलेली असते?

गाजरगवताचे तसेच. हे मेक्सिकोकडील तण पुण्याच्या आसपास १९५० नंतरच्या दशकात प्रथम ध्यानात आले आणि पाहता पाहता सगळ्या देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने पुष्कळांच्या अंगावर चट्टे उठतात, कातडी फाटते, आणि त्याच्या परागांनी दमा वाढतो. आणि हा त्रास दर वेळी स्पर्श झाला की अधिक वाढत जातो. आपण ते एकदा उपटले तर हात धुऊन मोकळे होऊ. जो रोज निराळ्या घरी तेच उपटतो, त्याच्या अंगावर आपल्या अंगणाबरोबर गावातल्या पन्नास अंगणांचा हिशेब साठत जातो. आणि श्रमच वाचवावे म्हणून तणनाशक फवारावयास सांगितले तर पाठीवरचा पंप, वारा आणि नाकाला बांधलेला रुमाल ह्यांचा प्रश्न येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस माणसे दगावली. त्यांत शेताचे मालक होते, तसेच दुसऱ्याच्या शेतात मजुरीने फवारणी करणारेही होते. तणनाशक आणि कीटकनाशक एकच नव्हेत, हे आम्ही जाणतो. पण बाटलीवरची बारीक अक्षरे कोणी वाचावयाची, हा प्रश्न दोहोंसही सारखाच लागू आहे. आणि तिचे उत्तर, ज्याला वाचता येते त्याने, ह्याहून दुसरे संभवत नाही.

कायद्याने ह्या बाबतीत काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. कामावर असता इजा झालेल्या मजुरास भरपाई देण्याचा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली झाला. त्यात ‘कामगार’ शब्दाची व्याख्या करताना एक अपवाद घातलेला होता: ज्याचे काम नैमित्तिक स्वरूपाचे आहे आणि जो मालकाच्या धंद्यासाठी लावलेला नाही, तो कामगार नव्हे. अंगणातले गवत काढणारा मनुष्य ह्या अपवादात तंतोतंत बसतो. हा अपवाद २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला; म्हणजे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ कायदाच असे म्हणत होता की, एका दिवसापुरत्या आलेल्या माणसाचे आपण काही लागत नाही. शासनाच्या शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाचा समावेश आहे, पण ती सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांच्या कुटुंबांसाठी. ज्याचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नाही त्याला तिचा उपयोग नाही. आणि अपवाद गेला म्हणून तो मनुष्य उद्या आपल्यावर दावा लावील, अशी भीती कोणी बाळगू नये. एका दिवसाच्या रोजासाठी येणारा कोर्टाची पायरी कशाच्या बळावर चढणार? जेथे त्याचा हक्क कागदावरही दुबळा आहे, तेथे आपले कर्तव्य अधिक बळकट असले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

ह्यावर एक आक्षेप येईल. धोका तर त्याने स्वतः पत्करला. त्याला सापाची माहिती आपल्यापेक्षा अधिक आहे. तो त्याचा धंदाच आहे. ह्या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. विळा कसा धरावा, काठीने गवत आधी कसे झोडपावे, हे तो आपल्याला शिकवील. पण आपल्या अंगणाची माहिती त्याच्यापेक्षा आपल्याला अधिक असते. गेल्या महिन्यात साप कोठे दिसला, विहिरीच्या फळ्या कोठे कुजल्या आहेत, विजेची तार कोणत्या कोपऱ्यात उघडी पडली आहे, फुटक्या काचा कोठे टाकल्या होत्या, हे आपण जाणतो आणि सांगत नाही. कारण सांगितले तर तो दर वाढवून मागेल. येथे न सांगणे हे सरळसरळ फसविणे होय. बाकी जे करावयाचे ते फार मोठे नाही. पायात घालावयास गुडघ्यापर्यंतचे बूट, हातमोजे, आणि काही झालेच तर मांत्रिकाकडे न नेता तडक दवाखान्यात नेण्याची तयारी. एका आळीतील दहा घरांनी मिळून बुटांचे दोन जोड घेऊन ठेविले तर प्रत्येकाच्या वाट्यास येणारा खर्च एका सणाच्या मिठाईहून कमी होईल. बूट नकोत, पाय घसरतो, असे तो मनुष्य पहिल्या दिवशी म्हणेलही. तेवढ्याने आपण सुटलो असे मानू नये.

मजुरी उणी द्यावयाची आणि वर जुने कपडे, उरलेले अन्न, दिवाळीला चिवडा देऊन मन शांत करावयाचे, ही पद्धत आपल्या घरांत फार रूढ आहे. देणाराच्या मनात कपट असते असे नाही. पुष्कळदा खरी माया असते. पण दया आणि न्याय ह्यांची खाती निराळी आहेत. पुरी मजुरी दिल्यावर जो सदरा दिला तो भेट. पन्नास रुपये कापून जो दिला तो आपण त्याला त्याच्याच पैशाने विकला. इस्लामच्या परंपरेत मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी असे सांगितले आहे, आणि यहुद्यांच्या धर्मशास्त्रात ती रात्रभर आपल्याजवळ ठेवून घेऊ नये असे. दोन्हीकडे धनी मोठ्या मनाचा असावा अशी अपेक्षा नाही. तो वेळेवर देणारा असावा एवढीच आहे. ‘सुटे नाहीत, उद्या ये,’ हे वाक्य सहज तोंडातून जाते, आणि त्या सहजपणाचा अर्थ त्याच्या घरी संध्याकाळी कळतो.

आणि मग ती कोपऱ्यातली कपबशी. पुष्कळ सुशिक्षित घरांच्या पडवीत, कुंड्यांच्या मागे किंवा खिडकीच्या कठड्यावर, एक कान तुटलेला कप अथवा वेगळा पेला उपडा घातलेला असतो. तो कामाच्या माणसाचा. त्याचे कारण विचारले तर स्वच्छता हे सांगितले जाते. त्याच घरात पाहुणा आला म्हणजे त्याच्या स्वच्छतेची चौकशी कोणी करीत नाही. अंगणाला कुंपण असावे हे ठीक. पण पेल्याला कुंपण कशाचे? हे गाव आज जिच्या नावाने ओळखले जाते ती मुक्ताई बहिष्कृत संन्याशाची मुलगी होती. तिला व तिच्या भावंडांना गावाने आपल्या अंगणाबाहेर ठेविले होते. शके १२१९ मध्ये, म्हणजे १२९७ साली, ह्याच तापीच्या परिसरात ती अंतर्धान पावली असे परंपरा सांगते. आणि चौदाशे वर्षांचा म्हणविणाऱ्या चांगदेवाने, ज्याच्या नावाचे गाव येथून जवळच तापी-पूर्णेच्या संगमावर आहे, त्याच पोरक्या मुलीला गुरू केले. तिच्या पालखीला खांदा देणाऱ्या हातांनीच हा वेगळा पेला धुऊन ठेवावा, ह्यातील विसंगती दाखविण्यास मोठ्या पांडित्याची गरज नाही.

कपाच्या जोडीला संबोधनही पाहावे. साठीच्या माणसाला घरातला आठ वर्षांचा मुलगा “ए, इकडे झाड,” असे म्हणतो, आणि आईबाप ते ऐकतात. सालदाराच्या काळातली एक गोष्ट टिकविण्याजोगी असेल तर ती काका ही हाक. तिच्याबरोबर पूर्वी येणारा हक्क आता नको. रात्री-अपरात्री बोलावणे नको, उचलीचा फास नको. पण दिवसाच्या कराराने आलेल्या माणसालाही अहो-जाहो करता येते, त्यास जास्तीचा रोज पडत नाही. हा मुलगा भाषा घरात शिकतो, तशी ती अंगणातही शिकतो; पुढे तो कोणत्या कचेरीत कोणाचा साहेब होईल कोणास ठाऊक!

शेवटी एक व्यावहारिक अडचण राहते, ती पावसाळ्यात हमखास उद्भवते. मनुष्य सकाळी आठला आला, दहाला आभाळ फुटले, आणि काळ्या मातीचा असा चिखल झाला की विळा चालेना. तो पडवीत अंग चोरून बसतो. त्याला किती द्यावे? अर्धा रोज, असे बहुतेक ठिकाणी ठरून गेले आहे. कित्येक ठिकाणी तेवढाही मिळत नाही. काम झाले नाही, ह्यात धन्याचा काय दोष? पाऊस त्याने पाडला नाही. पण तो मजुरानेही पाडला नाही, आणि चौकात परत जाऊन दुसरे काम धरण्याची वेळ त्याच्या हातून आपल्याच बोलावण्यामुळे निघून गेलेली आहे. रस्किनच्या पुस्तकाचे नाव बायबलातील ज्या दृष्टान्तावरून घेतले आहे, त्यातील द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळता मावळता बाजारात उभ्या असलेल्यांना विचारतो की, तुम्ही रिकामे का उभे आहात. ते म्हणतात, आम्हांला कोणी कामावर लावले नाही. आणि तो त्यांनाही दिवसभर राबलेल्यांइतकाच दाम देतो. दिवसभर राबलेले कुरकुर करतात, आणि त्यांची कुरकूर अगदीच निरर्थक होती असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या अंगणातला प्रश्न त्याहून पुष्कळ सोपा आहे. येथे दुसरा मजूर नाही, तुलना नाही. आहे तो फक्त पाऊस. जे नुकसान कोणाच्याच दोषाने झालेले नाही ते दोघांपैकी ज्याला हलके जाईल त्याने सोसावे. त्याच पावसाने घरधन्याच्या कचेरीत पाणी शिरून ती दिवसभर बंद राहिली, तर महिनाअखेर त्याच्या पगारातून तो दिवस कापला जात नाही, आणि कापला गेल्यास तो अर्ज केल्यावाचून राहणार नाही. पडवीत बसलेल्या माणसाने अर्ज कोणाकडे करावयाचा? तेव्हा त्याला चहा द्यावा, पाऊस थांबेपर्यंत बसू द्यावे, आणि जाताना पुरा रोज हातावर ठेवावा. राहिलेले गवत पुढच्या उघाडीत काढता येईल.